शिलेदार की बारगीर?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत यशवंतपूर येथे दिलेले भाषण)



मी सैनिक नव्हे आणि इतिहाससंशोधकही नव्हे. केंद्र सरकारच्या कचेरीत फायली पाहणारा एक साधा बी. ए. मनुष्य आहे. परंतु नुकत्याच एका घरगुती प्रश्नाने मला गाठले आणि तोच आपल्यापुढे मांडावा असे वाटले.

माझा भाचा डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनीत शिकत आहे. प्रशिक्षण संपत आले की कोणत्या दलात जावयाचे, याचा पसंतीक्रम लिहून द्यावा लागतो. मागितले ते मिळेलच असे नाही. पण मागावे तर लागतेच. त्याच्या मनात घोडदळाची, म्हणजे आजच्या चिलखती दलाची, रेजिमेंट आहे. माझ्या भगिनीला वाटते की, त्याने रसद-पुरवठ्याचे एखादे खाते मागावे. "मामा, तुम्ही सांगाल तसे करतो," असे तो म्हणाला आणि मी अडचणीत सापडलो.

घोडदळ म्हटले की आपणा मराठी माणसांच्या कानांत टापा वाजू लागतात. मात्र आपल्याच इतिहासाने स्वारांचे दोन प्रकार सांगितले आहेत. स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. सरकारी पागेतील घोड्यावर बसे तो बारगीर. शिलेदाराचा रुबाब मोठा. तरी शिवछत्रपतींनी भर दिला तो पागेवर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, अशी तिची बांधणी होती. कारण उघड आहे. ज्याचा घोडा स्वतःचा, तो घोड्याचा जीव राखून लढण्याचा संभव असतो. ज्याचा घोडा राज्याचा, त्याला राज्याचाच विचार करावा लागतो.

ज्या बंगळुरात आपण बसलो आहोत, ते १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीचे ठिकाण होते, याचा आपल्याला अभिमान आहे. पण अभिमानाबरोबर थोडे कटू सत्यही पचवले पाहिजे. १८०३ साली असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या फौजेसमोर वेलस्लीच्या बाजूने म्हैसूरचे स्वार उभे होते, आणि पेशव्यांचेही होते! शौर्य कोठेच कमी नव्हते. ते कोणासाठी खर्च करावयाचे, याचा मात्र मेळ नव्हता. पुढे २३ सप्टेंबर १९१८ रोजी म्हैसूर लान्सर्सनी जोधपूर लान्सर्ससह हैफा शहर जिंकले. तेही परक्या साम्राज्याच्या चाकरीत. आणि मग १९५३ साली संस्थानी घोडदळे एकत्र करून एक नवी रेजिमेंट उभारली गेली, तीच ६१ वी कॅव्हलरी. तीत शिंद्यांचे ग्वाल्हेर लान्सर्स आणि म्हैसूर लान्सर्स एका पागेत आले. असईला समोरासमोर उभे असलेल्या दोन दौलतींचे स्वार दीडशे वर्षांनी एका झेंड्याखाली आले, याहून मोठी गोष्ट मला आपल्या घोडदळाच्या इतिहासात दिसत नाही.

आता घोड्याची जागा रणगाड्याने घेतली आहे. नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, चिलखती दलाचे केंद्र आणि रणगाडा संग्रहालय आहे. ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना त्या लोखंडी पोटातील जागा किती अपुरी असते, हे ठाऊक आहे. टी-७२ मध्ये तीनच माणसे बसतात. उन्हाळ्यात आत भट्टी होते. तेथे तुरा नाही, लगाम नाही. तेल, धूळ आणि कानठळ्या आहेत.

त्या पोटात बसून लढलेली माणसे मात्र आपल्या ओळखीच्या मुलखातली आहेत. अलिबागला जन्मलेले अरुणकुमार वैद्य १९४५ साली डेक्कन हॉर्समध्ये दाखल झाले. १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत त्यांच्या रेजिमेंटच्या जुन्या शर्मन रणगाड्यांनी पॅटनना तोंड दिले. दोन वेळा महावीरचक्र मिळवून ते पुढे सरसेनापती झाले. मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले आर्देशिर तारापोर यांनी तर पायदळातून बदली मागून घेतली होती. पूना हॉर्सचे नेतृत्व करताना ते फिलोऱ्याला जखमी झाले, मागे जाण्यास त्यांनी नकार दिला आणि १६ सप्टेंबर १९६५ रोजी त्यांना वीरमरण आले. त्याच रेजिमेंटचे अरुण खेतरपाल पुण्यात जन्मलेले. जून १९७१ मध्ये अधिकारी झाले आणि डिसेंबरात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पेटलेला रणगाडा न सोडता लढत गेले. दोघांनाही परमवीरचक्र मिळाले. पण अवघे सहा महिने! माझ्या भगिनीच्या मनात हा आकडा असणारच. तिची भीती खोटी आहे, असे कोणत्या तोंडाने सांगू?

येथे मला स्वतःविषयी एक कबुली द्यावयाची आहे. १९९३ साली मिरजेच्या गाडीतून मी बंगळूरच्या निवड मंडळापुढे हजर होण्यास निघालो, तेव्हा पहाटे खिडकीतून प्रथम याच यशवंतपूरची पाटी दिसली होती. माझी निवड झाली, बोलावणे आले, आणि मी गेलो नाही. "वडिलांची संमती नव्हती," असे मी आजवर सर्वांना सांगत आलो. खरे तसे नव्हते. वडील एवढेच म्हणाले होते, "मांड टाकायची तर मग दाराकडे वळून पाहू नकोस." मी दाराकडे पाहिले. भीती माझी होती. नाव मी वडिलांचे पुढे केले. ते गेले, आणि हे त्यांना सांगावयाचे राहूनच गेले.

म्हणून भाच्याला मी निर्णय दिला नाही. दोन गोष्टी सांगितल्या. घराण्याच्या किंवा जातीच्या नावासाठी, तुऱ्यासाठी, चित्रातल्या घोड्यासाठी जात असशील तर जाऊ नकोस. तेथे तू शिलेदार नव्हेस, बारगीर आहेस. वाहन राज्याचे, हुकूम राज्याचा. तुझे म्हणून न्यावयाचे ते फक्त धैर्य. आणि दुसरे, जो पसंतीक्रम लिहिशील तो स्वतःच्या नावाने लिही. आईच्या भीतीने नको, मामाच्या राहून गेलेल्या हौसेने तर मुळीच नको. रसद पोहोचविणाराही त्याच पागेचा माणूस आहे. त्याच्यावाचून रणगाडा हलत नाही.

भगिनीलाही मी सांगितले की, तू रडलीस तरी चालेल, पण त्याला तुझे रडणे निमित्त म्हणून वापरावे लागेल असे करू नकोस. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लिहू दे त्याला."

त्याने काय लिहिले, ते मी अद्याप विचारलेले नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले आज-उद्या अशा उंबरठ्यावर उभी राहतील. गाव सोडून आपण इतक्या दूर आलो, तो निर्णय आपण स्वतः घेतला होता. तोच हक्क त्यांना द्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.