दुष्काळाची नोंद समुद्रात



आज मला सोलापूरच्या पावसाबद्दल बोलायचं आहे, आणि त्यासाठी तुम्हाला समुद्राच्या तळाशी न्यायचं आहे. जुळ्या सोलापुरातून अरबी समुद्र सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तुमच्यातल्या कित्येकांनी तो सहलीत एकदा पाहिला असेल, काहींनी अजून पाहिलाही नसेल. पण आपल्या जिल्ह्यात वर्षाला जो साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो समुद्रावरून येतो. त्याचा जुना हिशेबही समुद्रानेच जपून ठेवला आहे.

दुष्काळ काय असतो हे या गावाला शिकवावं लागत नाही. नळाला किती दिवसांआड पाणी येतं हे घरातलं लहान पोरही सांगेल. घरी आजी-आजोबांना १९७२ सालाबद्दल विचारा. कुणी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली असेल, कुणाला सुकडीची आणि मिलोच्या लाल भाकरीची चव आठवत असेल. त्याहून मागे गेलात तर मंगळवेढ्याचे दामाजीपंत. उपाशी लोकांसाठी त्यांनी सरकारी धान्याची कोठारं उघडली, ही कथा इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. पण त्या दुष्काळाआधी किती वर्षं पाऊस हुकत होता, नंतर तो सावरायला किती वर्षं लागली, हे कथा सांगत नाही. पर्जन्यमापकांवरून देशाच्या पावसाचा सलग हिशेब मांडता येतो तो १८७१ पासूनचा. त्यामागच्या हजारो वर्षांचं काय?

तिथे फोरॅमिनिफेरा उपयोगी पडतात. आम्ही अभ्यासक रोजच्या बोलण्यात नुसतं ‘फोरॅम’ म्हणतो. हे एकपेशीय जीव. यातल्या काही जाती पाण्यात तरंगत राहतात, म्हणून त्या प्लवकांत मोडतात. आकार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आयुष्य काही आठवड्यांचं. एवढ्या आयुष्यात तो जीव स्वतःभोवती चुन्याचं कवच बांधतो, एकाला लागून एक कप्पे वाढवत. मेल्यावर कवच तळाशी जातं. वर्षानुवर्षं गाळ साचतो आणि त्यात ही कवचं थरावर थर बसत जातात. संशोधन जहाजावरून लांब नळी तळात खुपसली की गाळाचा अखंड दंडगोल वर येतो. त्याला कोअर म्हणतात. वरचं टोक अलीकडचं, खालचं जुनं. कोणता थर किती वर्षांचा, हे त्याच कवचांतल्या रेडिओकार्बनवरून काढता येतं, साधारण ५० हजार वर्षांपर्यंत.

मग पुढचं काम प्रयोगशाळेतलं. चिमूटभर गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीत घ्यायचा आणि पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायचा. चिकणमाती वाहून जाते. उरतं ते वाळवून काळ्या ताटलीत पसरायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाची जात पहिल्यांदा बघताना मला ज्वारीच्या लाह्यांची आठवण झाली होती: शेवटच्या वेढ्यात चार फुगीर कप्पे एकमेकांना बिलगलेले, मध्ये एक मोठं उघडं तोंड. अगदी बारीक कुंचल्याचं टोक ओलं करायचं, कवचाला हलकेच टेकवायचं, ते चिकटलं की उचलून चौकटी आखलेल्या स्लाइडवर ठेवायचं. असे शेकडो दाणे जातवार वेचायचे. मान भरून येते, डोळे चुरचुरतात. पण या कामाला जो सरावला, त्याला जुना समुद्र दिसायला लागतो.

तो कसा दिसतो? जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा जोरात वाहतो, तेव्हा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी तो दूर ढकलतो. खालून थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं, आणि त्यात बुलॉइडिसची भरभराट होते. म्हणजे ज्या थरात बुलॉइडिस जास्त, त्या काळी वारा जोराचा. हा नुसता तर्क नाही, जिवंत प्लवकांवर तो तपासलेला आहे. १९८६ पासून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर अरबी समुद्रात खोलवर मोठी नरसाळी टांगली. वरून काय काय पडतं ते ठरावीक दिवसांनी बदलणाऱ्या बाटल्यांत जमा होत गेलं, आणि पावसाळ्यात हा वर्षाव वाढतो हे दिसलं. आजचा जीव असा नीट ओळखला तरच कालच्या कवचावर विश्वास ठेवता येतो. या विषयातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम हेच आहे, आणि त्याचं कौतुक फार कमी होतं.

अँडरसन, ओव्हरपेक आणि आपले अनिल गुप्ता यांनी २००२ साली बुलॉइडिस मोजून दाखवलं की गेल्या चार शतकांत नैर्ऋत्य मान्सूनचे वारे बळकट होत आले. पण मुलांनो, वारा म्हणजे पाऊस नव्हे. ओमानजवळचा वारा मंगळवेढ्याच्या शेतात किती पाणी पडलं हे सांगू शकत नाही. त्यासाठी आपल्याच नद्यांच्या तोंडाशी जायला हवं.

गोदावरी जिथे बंगालच्या उपसागराला मिळते, त्याच्या समोर हजार मीटरहून खोल तळातून २००६ साली एक कोअर काढला गेला. मोहीम होती गॅस हायड्रेट शोधण्याची, गाळ मात्र हवामानाच्या अभ्यासकांच्याही कामी आला. त्यात ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर ही जात होती, जी समुद्राच्या अगदी वरच्या पाण्यात राहते. पाण्यातल्या ऑक्सिजनचे दोन प्रकार लक्षात घ्या, हलका १६ आणि जड १८. पावसाच्या आणि नदीच्या पाण्यात हलका तुलनेने जास्त. नदीला पूर आले की समुद्राच्या वरच्या थरात हलका वाढतो. पाऊस हुकला की पाणी खारट होतं आणि जडाचं प्रमाण चढतं. रुबर कवच बांधताना तेच पाणी वापरतो. त्याच गाळात गोदावरीने दख्खनच्या पठारावरून वाहून आणलेला झाडापानांवरचा मेणासारखा थरही सापडला. तो कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पतींचा की ओलाव्यातल्या, हे ओळखता येतं.

पॉन्टन, जिओसान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला: सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून १७०० वर्षांपूर्वीपर्यंत पठारावर कोरड्या हवेतल्या वनस्पती वाढत गेल्या आणि पुढे त्याच टिकून राहिल्या. गेल्या ३००० वर्षांत समुद्राचं पाणी पूर्वी कधी नव्हतं इतकं खारट होण्याचे प्रसंग आले.

आता शेजारच्या खोऱ्यात या, आपल्या भीमेच्या. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. घोडेचं पाणी पुढे भीमेत आणि मग उजनी धरणात येतं. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांनी १९६८ पासून तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. आधी ऐसपैस चौकोनी घरं. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकार वाढली, आणि शेवटी गाव ओस पडलं. हवा कोरडी होत गेली म्हणून हे झालं, असं ढवळीकर सरांचं म्हणणं होतं. त्यानंतर काही दशकांनी समुद्रातल्या कवचांनी जवळपास तोच काळ दाखवला. एका गावाच्या उठण्याला दुष्काळ हे एकमेव कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण खापरं मोजणारे आणि कवचं मोजणारे एकमेकांना न विचारता एकाच ठिकाणी पोहोचतात, तेव्हा मी लक्ष देऊन ऐकते.

फोरॅम पावसापुरतेच उपयोगी नाहीत. सोलापूरचा भुईकोट किल्ला दख्खनच्या ज्या काळ्या पाषाणाच्या मुलखात उभा आहे, त्या पाषाणाचं वय ठरवायलाही तेच मदतीला आले. आपल्याकडे त्या दगडात समुद्री कवचं नाहीत. पण त्या लाव्हाचे प्रवाह आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत गेले, आणि तिथे दोन प्रवाहांच्या मधल्या गाळात प्लवक फोरॅम सापडले. ते डायनोसॉरांच्या विनाशानंतर लगेच आलेल्या जातींचे, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळाचे.

आणि आजच्या समुद्राचं काय? गोव्याच्या त्याच संस्थेत पूर्वी काम केलेले जोआकिम गोएस यांनी २००५ साली उपग्रहांच्या नोंदींवरून लिहिलं की पश्चिम अरबी समुद्रात वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढत आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले (आयआयटीएम) रॉक्सी कोल आणि सहकारी २०१६ मध्ये म्हणाले की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत ते २० टक्क्यांपर्यंत घटले. पहिल्यांकडे जेमतेम सात वर्षांच्या नोंदी होत्या, दुसऱ्यांचा काळ बराच लांब.  अशा प्रश्नाचा निकाल लावायला हजारो वर्षांचा गाळ लागतो, आणि तो वेचणारी तरुण माणसं लागतात. आपल्याकडे ती फार थोडी आहेत. समुद्रविज्ञान हे कोकणातल्या मुलांचं काम आणि आपलं काम विहिरी-बंधाऱ्यांचं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पावसाची गरज आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

बक्षीस समारंभानंतर शाळेच्या प्रयोगशाळेत या. मुख्याध्यापिका बाईंच्या परवानगीने दोन सूक्ष्मदर्शक लावून ठेवले आहेत. पहिल्यावर बुलॉइडिस आहे. दुसऱ्यावर हिंदी महासागरातल्या जुन्या गाळातले रुबर आहेत, बहुतेक पांढरे. त्यांत एकच गुलाबी आहे. हिंदी महासागरातून गुलाबी रुबर सुमारे १ लाख २० हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. त्यामुळे तो दिसला की थर त्याहून जुना, हे आम्हाला लगेच कळतं. तो कोणत्या चौकटीत आहे ते मी सांगणार नाही. आधी पाचवी-सहावीच्या मुलांना बघू द्या, मोठ्यांनी मागे रांग लावा.