केळफुलाचा डाग



माझ्या मावशीच्या कपाटात मी शिवून दिलेली एक पिशवी आहे. खणाचे तुकडे, मध्ये आरसे, काठाला मोती. पाच वर्षं झाली, अजून प्लास्टिकच्या वेष्टनातच आहे. "इतकी सुंदर आहे गं, वापरवत नाही," म्हणते. शिवणारीला यापेक्षा वाईट पावती कुठली मिळायची? म्हणून यंदा तिच्या पंचाहत्तरीला दुसरी शिवायला घेतली, तेव्हा एवढंच ठरवलं की हिच्यात मेथीची जुडी बिनदिक्कत कोंबता आली पाहिजे.

वरच्या थराला एक विरलेली इरकल आणि खणाच्या चिंध्या घेतल्या. खणाचे धागे फार सुटतात, म्हणून प्रत्येक तुकड्याला अर्धा इंच कापड जास्त ठेवलं. लाल तुकडे आधी वेगळे भिजवले. रंग जायचा असेल तर बादलीत जाऊ दे, मावशीच्या पातळावर नको! मधल्या थराला जुना पंचा. तो धुवून धुवून जेवढा आटायचा तेवढा आटलेला असतो. आणि खाली अस्तर.

टाके मात्र वाकळीचे. वाकळ शिवणाऱ्या बायका कडेपासून सुरू करतात आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर येतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका त्यांची गोधडी, म्हणजे कवंदीही अशीच शिवतात. यात सगळे तुकडे आधी जोडून घ्यावे लागत नाहीत. तुकड्याची कड दुमडायची, शेजारच्यावर चढवायची, धावदोरा घालत पुढे सरकायचं. टाक्यांनी कापड आक्रसतं, म्हणून पंधरा इंचांच्या पिशवीला मी साडेसोळा इंच कापड धरलं. संध्याकाळी मालिका बघत बघत दोन्ही बाजू झाल्या. खलनायिकेच्या प्रसंगांत टाके जरा घट्ट पडलेत.

पुढचं काम मशीनवर, आणि खरी परीक्षा बंदांची. माझ्या पहिल्यावहिल्या पिशवीचे बंद मी तोंडाच्या शिवणीत नुसते अडकवले होते. मंडईच्या पायऱ्यांवर एक सुटला आणि दोन किलो बटाटे माझ्या आधी खाली पोचले. तेव्हापासून बंदाचं टोक दोन इंच खाली घेते, त्यावर चौकोनी टीप मारते आणि चौकोनात फुली. तिथे पाच-सहा थर एकावर एक येतात. बारीक सुई मोडते. सोळा नंबरची लावायची आणि पाय न चालवता हाताने चाक फिरवत एकेक टाका घालायचा.

तळाचे कोपरे त्रिकोणी ओढून दोन्हीकडे चार-चार इंचांची आडवी टीप मारली. त्याने तळ बसका होतो, पिशवी भिंतीला टेकून उभी राहते.

मावशीने हातात घेतल्याबरोबर पिशवी उलटी केली. बाहेरचा खण, इरकल, काही नाही. आधी आतली शिवण बघितली. मला शिवण तिनेच शिकवलंय. एक लोंबता दोरा सापडला, तो दातांनी तोडला. मग बंद धरून दोनदा हिसका दिला आणि "हं," म्हणाली.

चार दिवसांनी तिचा फोन. "अगं, पिशवीला केळफुलाचा डाग पडला. जाईल का गं?"

"नाही जायचा," मी म्हटलं.