राहुरीचं ग्रंथालय आणि वर्गणीचं गणित

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ज्वारीवर एम.एस्सी. करणारा विद्यार्थी शेतात उतरण्याआधी ग्रंथालय गाठतो. जाड पुठ्ठ्याच्या जुन्या प्रबंधांची पानं उलटली, की आधी कोणी काय तपासलं ते कळतं.

नवं संशोधन मात्र परदेशी नियतकालिकांत असतं. पुस्तक एकदाच विकत घ्यायचं. नियतकालिकाची वर्गणी वर्षानुवर्षं भरायची. एकट्या विद्यापीठाला ती झेपणं कठीणच.

म्हणून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००७ मध्ये ‘सेरा’ हा ग्रंथालयांचा समूह उभारला. सुरुवातीचा निधी आला जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय प्रकल्पातून. सामायिक वर्गणीमुळे देशभरातल्या कृषी विद्यापीठांना महागडी नियतकालिकं संगणकावर खुली झाली. किती मोठी सोय ही!

राहुरीचे प्रबंधही आता ‘कृषिकोश’ या डिजिटल भांडारात आहेत.