रानात नेलं की मूल सुधारतं का?

मी इंदूरचा. गेली वीसेक वर्षं शाळकरी मुलांना डोंगरात घेऊन जातो. उन्हाळ्यात उत्तराखंड, थंडीत आमचा सातपुडा. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दर मार्च-एप्रिलमध्ये मला एक ठरावीक फोन येतो. "सर, मुलगा दिवसभर मोबाईल घेऊन खोलीत पडून असतो, उलट बोलतो, शाळेत जात नाही. पंधरा दिवस घेऊन जा आणि सरळ करून आणा." हल्ली त्यात एक भर पडली आहे. "अमेरिकेत याला वाइल्डरनेस थेरपी म्हणतात ना?"

म्हणतात. मग तिथे काय घडलं तेही बघायला हवं. युटासारख्या राज्यांत बिघडलेल्या मुलांना आठवडेच्या आठवडे वाळवंटात, रानात ठेवणाऱ्या खासगी संस्था निघाल्या. चांगल्या होत्या, तशा भयंकरही होत्या. अनेक ठिकाणी आईवडिलांच्या संमतीने पहाटे दोन अनोळखी माणसं येत आणि मुलाला अंथरुणातून उचलून नेत. १९९४ साली युटात सोळा वर्षांचा एक मुलगा पोटदुखीने कळवळत होता. बरोबरचे लोक म्हणाले, नाटक करतोय. तो अल्सर फुटून मेला. २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या तपास यंत्रणेने अशा संस्थांमधल्या दहा मृत्यूंची छाननी केली. अप्रशिक्षित माणसं, अपुरं खाणं, बेफिकिरी, हेच पुन्हा पुन्हा निघालं. आणि २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात बारा वर्षांचा मुलगा पहिल्याच रात्री छोट्याशा तंबूत गुदमरून गेला.

म्हणजे सगळं थोतांड? तसं म्हणता येत नाही. २०१३ साली साहसी उपक्रमांतून होणाऱ्या उपचारांच्या १९७ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात मध्यम स्वरूपाचा फायदा दिसला. मला त्याचं नवल वाटत नाही. डोंगरात मूल नऊला झोपतं. सॅक नीट बांधली नाही तर कपडे भिजतात, त्यासाठी कुणी ओरडावं लागत नाही. आणि मोठी माणसं त्याच्याशी मार्कांशिवाय दुसरंही काही बोलतात.

पण फायदा मोजायचा कधी आणि कुणाला विचारून? अमेरिकेतच १९३९ साली केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत एक मोठा प्रयोग सुरू झाला. ५०६ मुलगे घेतले. निम्म्यांना समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं. निम्म्यांना काहीच नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी त्या सगळ्यांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी दोन-तृतीयांश म्हणाले, आम्हाला फार उपयोग झाला. प्रत्यक्षात गुन्हे, व्यसन, आजार यांत तेच मागे पडले होते. पुढच्या विश्लेषणात तर असं दिसलं की जास्त नुकसान झालं ते एकाहून अधिक वेळा शिबिराला पाठवलेल्यांचं. वात्रट पोरं एकत्र ठेवली की एकमेकांची शाबासकी मिळवायला काय काय करतात, हे कुठल्याही हॉस्टेलच्या वॉर्डनला विचारा.

हे वाचलं तेव्हा मला माझाच एक मुलगा आठवला. पंधरा वर्षांचा. आईवडिलांनी त्याला डेहराडूनला मामाकडे जायचं म्हणून गाडीत बसवलं होतं. मला ते माहीत होतं आणि मी होकार दिला होता. तीन दिवस तो एक शब्द बोलला नाही. सहाव्या दिवसापासून खुलला. पहाटे उठून सगळ्यांचा चहा करायला लागला. घरच्यांनी मला पेढ्यांचा डबा पाठवला. दोन महिन्यांत सगळं होतं तिथेच आलं, उलट वडिलांशी बोलणंच बंद. पुढे भेटला तेव्हा म्हणाला, "सर, डोंगर छान होता. पण मला फसवून नेलं, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी फसवून आणलेलं मूल घेत नाही. मूल जीव द्यायच्या गोष्टी करत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, तर तंबूचा विचार सोडा आणि आधी डॉक्टर गाठा; सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर देशभरातून लागतो आणि तिथे आपल्या भाषेत बोलता येतं. आणि आईवडिलांना मी विचारतो, हे पंधरा दिवस तुम्ही घरी काय बदलणार? बहुतेक फोन इथेच संपतात.

गेल्या महिन्यातला एक संपला नाही. बडोद्याचे गृहस्थ होते. मी म्हटलं, मुलाला फोन द्या. त्याने पहिला प्रश्न विचारला, "तिथे नेटवर्क आहे?"

"दयारा बुग्यालला? धड नाही."

"मग मला मध्येच परत यायचं असलं तर?"

मी म्हटलं, खाली रैथल गाव आहे, काही तासांची वाट. तुला यायचं असेल त्या दिवशी मी तुझ्याबरोबर चालत खाली येईन, का म्हणून विचारणार नाही.

विचार करून सांगतो म्हणाला. अजून कळवलेलं नाही. त्याची जागा मी धरून ठेवली आहे.