न आलेल्या आजाराचं बिल

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आरोग्य खात्यातली माझी सगळी नोकरी घरोघर फिरण्यात गेली. त्यातलंच थोडं सांगतो. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं नांदेड होतं. तीच आजची महात्मा फुले योजना. अँजिओप्लास्टी, डायलिसिस मोफत. ऑपरेशनपायी शेत विकायची वेळ कितीतरी घरांवरून टळली, हे मोठंच काम. पण हा पैसा सुटतो तो माणूस ॲडमिट झाल्यावर. बीपीची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती रोज घ्या म्हणून मागं लागणाऱ्याचं मात्र बिल होत नाही.

आपली आशाताईच बघा. बाळंतिणीच्या घरी दीड महिन्यात सहा-सात चकरा, बाळाचं वजन, ताप, श्वास बघायचा. मोबदला सगळा मिळून 250 रुपये! ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बसवली. गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं. जगानं वाखाणलं, पण आशाताईचा दर तेवढाच.

तर माझी सूचना अशी : यंदाच्या गणपतीच्या वर्गणीतून सोसायटीला बीपीचं मशीन घेऊ. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी ऑफिसात बसतो. तिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी यायचं. फी नाही. चहा तेवढा कुणीतरी आणा.