माळ्यावरचा उजेड

आज कोडिंग नाही, आमच्या दापोलीच्या घराचा माळा.

आजी एका हातात टॉर्च धरून शिडी चढायची, आमसुलं काढायला. गेल्या पावसात पायरी चुकली, थोडक्यात वाचली. मी लगेच सेन्सरवाला बॅटरी दिवा मागवला. इंजिनिअर ना! रात्रभर उंदीर पळाला की दिवा पेटायचा. दमट हवेत दोन महिन्यांत सेलही पाझरले.

मग वायरमनकाका आले. म्हणाले, "बल्ब मागनं बघ, आधी उंदरांचं बोल." कुरतडलेली वायर आणि खाली भाताचा पेंढा, म्हणजे आगीला आमंत्रणच. म्हणून सगळी वायर पाईपातून नेली, जोड बंद डबीत. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब जाम तापायचा, तो काढला. मधोमध एकच दिवा असला की आपलीच सावली डब्यावर पडते, म्हणून दोन टोकांना ९-९ वॅटचे एलईडी. स्विच खाली, शिडीजवळ. कौलं गळतात, म्हणून बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. सगळ्यात महाग तोच, पण त्यात काटकसर नाही केली.

३ जून २०२०चं निसर्ग वादळ आठवतंय ना? कौलं उडाली, लाइट कितीतरी दिवस नव्हती. म्हणून एक बल्ब इन्व्हर्टरवाला घेतला. काही तास चालतो, फक्त स्विच चालू ठेवायचा.

आजी अजून टॉर्च घेऊनच चढते. पण आता कमरेला खोचून. दोन्ही हात शिडीला.