बोअर पाणी तयार करत नाही

(महासंघाच्या अंबाजोगाई येथील सभेत एका सदस्येने मांडलेले मनोगत)



आज सभेपुढे बोअरसाठी कर्ज मागणारे अर्ज आलेत. हात वर करण्याआधी माझं थोडं ऐका. असं कर्ज मीही काढलं होतं.

२०१६ चा उन्हाळा तुम्ही विसरला नसाल. मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्या शिवारातल्या विहिरीही तळाला गेल्या. गटातून पैसे उचलले. पाणाड्यानं हातावर नारळ धरून जागा दाखवली. तिथं साडेतीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. पाणी लागो न लागो, मशीनवाल्याला फुटाप्रमाणे पैसे द्यावेच लागतात. दुसरं बोअर जाऊबाईंच्या बांधाजवळ मारलं, त्याला पाणी लागलं. आम्ही पेढे वाटले. महिन्याभरात जाऊबाईंची विहीर कोरडी पडली. पुढच्या उन्हाळ्यात आमची मोटरही गुळण्या टाकायला लागली. पाणी गेलं, हप्ते राहिले, आणि जाऊबाई वर्षभर बोलल्या नाहीत.

हे कसं झालं? आपली जमीन गोधडीसारखी आहे, थरावर थर. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याचे हे थर. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, आणि खाली पुन्हा तेच. मुरमात आणि मांजऱ्यात पाणी मुरतं. पाषाण स्वतः पाणी धरत नाही, त्याच्या भेगांत असेल तेवढंच. विहीर वरच्या थरातलं पाणी घेते, बोअर खालच्या भेगेला जाऊन भिडतं. ती भेग वरच्या मुरमाला जोडलेली असली, तर बोअर शेजारच्या विहिरीचंच पाणी ओढतं. जोडलेली नसली, तर जुनं साठलेलं पाणी संपतं आणि ते भरून यायला फार वर्षं लागतात. म्हणजे बोअर पाणी तयार करत नाही, फक्त ते लवकर काढतं. बचत न करता सारखं कर्ज उचलणाऱ्या गटाचं जे होतं, तेच गावाचं होतं.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे मोजायचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा मोजते. आपणही दोरीला दगड बांधून मोजू शकतो. काठापासून पाणी किती हात खाली, ते गटाच्या वहीत लिहायचं. ऑक्टोबरचा आकडा बघून रब्बीला गहू की ज्वारी-हरभरा, ते ठरवायचं. हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी असाच पाण्याचा ताळेबंद मांडते, आणि तिथं शेतीसाठी बोअरला बंदी आहे.

दुसरं म्हणजे भरायचं. तीनशे चौरस फुटांच्या पत्र्यावर सहाशे मिलिमीटर पाऊस पडला, तर सोळा हजार लिटरहून जास्त पाणी होतं. दोनशे लिटरची ऐंशी टिपाडं! शेतातून वाहणारं पाणीही विहिरीत सोडता येतं, पण गढूळ पाणी थेट सोडू नका, झरे गाळानं बुजतात. विहिरीजवळ खड्डा घ्या. खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू, आणि तळातून पाइप विहिरीत. दर वर्षी पावसाआधी वरची वाळू काढून धुवा.

तिसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगतेय.

माझी सभेला एवढीच विनंती आहे. बोअरच्या प्रत्येक अर्जासोबत त्या शिवारातल्या विहिरींच्या चार मापांची नोंद मागा. आणि विहीर भरण्याच्या खड्ड्यासाठी कुणी कर्ज मागितलं, तर तो अर्ज आधी घ्या.

आमचं बोअर आता फक्त पिण्यासाठी आहे. खड्डा जाऊबाईंच्या विहिरीजवळ खणला, दोघींनी मिळून. दोरी त्या धरतात, आकडा मी लिहिते.